पस्तिसाव्या वर्षी आयटीआय

मुलगा नाटकात जातो म्हणाला तर काय करायचं, हे सांगलीतल्या घरांना शिकवावं लागत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथल्याच राजवाड्यात, चिंतामणराव पटवर्धनांच्या पुढ्यात पहिला प्रयोग केला. देवल शेजारच्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की भावे नाट्यमंदिराकडे पाय आपोआप वळतात. त्यामुळे पोरगं नाटकाचं वेड घेऊन घरी आलं की आधी थोडी कुरकुर होते, मग बाप म्हणतो, ग्रॅज्युएशन तेवढं पूर्ण कर, आणि वर्षभरात आईच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागते की आमचा नाटकात असतो. आमच्याकडेही असंच झालं.

मुलगा नाटक सोडतो म्हणाला तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. कलेत शिरणाऱ्याला आशीर्वाद देणारे भेटतात, रागावणारेही भेटतात, आणि रागावणारासुद्धा त्याची दखलच घेत असतो. बाहेर पडणाऱ्याशी काय बोलावं ते न सुचून लोक विषय बदलतात. आमचा थोरला २०२३ च्या मे महिन्यात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, नाटक सोडून आयटीआयला प्रवेश घेतो म्हणाला. पुढची दोन वर्षं तो आमच्याकडे राहिला. त्या दोन वर्षांत आईबाप म्हणून काय करता आलं आणि काय करायचं नाही असं आम्ही ठरवून टाकलं, त्याबद्दल लिहिते आहे. अशा घरातल्या आयांना बोलायला फारसं कुणी नसतं, हे मला आता ठाऊक आहे.

तो प्रकाशयोजना करायचा. पुण्यात बी. कॉम. करत असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेसाठी मित्रांनी त्याला लाईट बघायला बसवलं. भरत नाट्य मंदिरात खाली ‘अरे आव्वाज कुणाचा’चा दंगा चालू आणि हा आपला डिमर बोर्डावर बोटं ठेवून संहितेत खुणा करत बसलेला. तिथून तो उठलाच नाही. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली दिवे टांगले, दिव्यांपुढे लावायचे रंगीत जिलेटिन कापले, केबल ओढल्या. मग प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना स्वतः करू लागला, आणि पोटासाठी व्यावसायिक नाटकांबरोबर दौऱ्यावर लाईट ऑपरेट करायला जाऊ लागला. जाहिरातीत नाव यायचं ते अगदी खालच्या ओळीत. मी ते कात्रण कापून ठेवायची.

त्याचं काम नेमकं काय, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. एका प्रायोगिक नाटकाच्या तालमीला आम्ही दोघं गेलो होतो. रंगमंचावर एक बाई भाजी निवडत बसलेली. काही घडत नव्हतं. पण खिडकीतून येणारं ऊन हळूहळू तिच्या पायावरून मांडीवर, मांडीवरून हातावर चढत होतं, आणि पंधरा मिनिटांत तिची दुपार संपली हे न सांगता कळलं. दिवा हललेला दिसला नाही. एक मंद होत होता, दुसरा तितक्याच सावकाश वाढत होता. माझ्या शेजारी हे म्हणाले, "हा बसलाय कुठं?" तो पार मागे, अंधारात होता. त्या दिवशी मला आमच्या मुलाचं काम दिसलं.

आता पैशाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. व्यावसायिक नाटकात नटापासून पडद्यामागच्या माणसापर्यंत सगळ्यांना पैसे मिळतात ते नाईटवर. प्रयोग झाला तर नाईट मिळते, रद्द झाला तर नाही. परीक्षांच्या दिवसांत आणि भर पावसाळ्यात प्रयोग कमी होतात, म्हणजे नाईटही कमी. प्रायोगिकमध्ये तर पुष्कळदा जेवण आणि गाडीभाडं, एवढ्यावरच भागतं. सुट्टीच्या महिन्यात बरे पैसे, जूनमध्ये हात आखडता, असा त्याचा संसार चालायचा. सूनबाई नोकरी करते, तिच्या पगारावर घराचा पाया होता. नात झाली तेव्हाही तो मराठवाड्याच्या दौऱ्यावर होता आणि रात्रीचा प्रयोग करूनच निघाला.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या रंगभूमी दिनी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून ती उघडायला परवानगी मिळाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद आणि २२ ऑक्टोबरला पुन्हा सुरू. या बंदच्या काळात तो एका ओळखीच्या ठेकेदाराकडे इमारतींच्या वायरिंगच्या कामावर जाऊ लागला. तिथं त्याच्या ध्यानात आलं की फेज, लोड, आर्थिंग हे सगळं आपल्याला कळतं, हजार हजार वॅटच्या दिव्यांची बॅटन, म्हणजे दिवे टांगायची आडवी दांडी, आपण वर्षानुवर्षं सांभाळली आहे, पण काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टवर सही करायची वेळ आली की आपण बाजूला आणि परवानाधारक पुढे. हातात कसब होतं, कागद नव्हता.

नाटकं परत सुरू झाल्यावर तोही परत गेला. दीड वर्ष जोरात काम केलं. म्हणून लोक जेव्हा म्हणतात की कोरोनानं याचं नाटक सोडवलं, तेव्हा मी मान हलवत नाही. त्यानं मला स्वयंपाकघरात सांगितलं होतं ते असं: "पैसे हे एक कारण आहेच आई. पण खरं म्हणजे मला आता रात्री बारानंतर टेम्पो भरायचा नाहीये. मला जे करून बघायचं होतं ते करून झालं. आता नवं नाटक हातात आलं की मी आधीच्याच नाटकातलं काहीतरी काढून लावतो. माझं मला दिसतं ते."

या बोलण्याला मी फार मान देते. मूल कलेतून बाहेर पडलं की आईबाप गुन्हेगार शोधायला लागतात. सरकारनं काही केलं नाही, प्रेक्षक मोबाईलमध्ये गुंतले, निर्मात्यांनी राबवून घेतलं. यातलं बरंचसं खरंही असतं. पण एखाद्याचं त्या कामातून मन भरलं असेल, पोट भरल्यावर ताटावरून उठतात तसा तो उठला असेल, हे आपण शक्यतेतही धरत नाही. कारकुनाला कंटाळा येऊ शकतो, मास्तरांना येऊ शकतो, मग कलाकारालाच तेवढा येता कामा नये, असं का? कला म्हणजे जन्माचं व्रत, ही समजूत बाहेरच्यांना फार प्यारी असते. व्रत ज्यानं करायचं असतं त्यालाही विचारायला हवं.

आयटीआय हा शब्द घरात आला तेव्हा खरी खळबळ झाली. नाटक सोडतो म्हणाला असता आणि बँकेत चिकटला असता तर आमच्या नातलगांनी पेढे मागितले असते. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड म्हणजे दोन वर्षं, आणि तेही दहावी-बारावी झालेल्या पोरांच्या बरोबर. पदविकेला तीन वर्षं लागली असती. आयटीआयला वयाची वरची अट नाही, फी परवडणारी आणि परवान्याचा रस्ता सरळ, असा त्याचा साधा हिशोब होता. यांनी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेलं. आयटीआयची चांगली माणसं त्यांनी पाहिली होती. ते एवढंच म्हणाले, "दहावीच्या मार्कांवर नंबर लागतो. मार्कलिस्ट कुठंय?" २००४ सालची मार्कलिस्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला माझ्या कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये होता. मुलाच्या मुलीचं शाळेत नाव घालून झालं होतं, आणि आम्ही मुलाच्या दाखल्याच्या झेरॉक्स काढत होतो. दुसऱ्या फेरीत नंबर लागला.

नातेवाइकांचं बोलणं दोन प्रकारचं असे. पहिला प्रकार टोमण्यांचा. शेवटी वायरमनच व्हायचं होतं तर पंधरा वर्षं कशाला घालवली. अशांना उत्तर देणं सोपं असतं. मी सांगायची की पंधरा वर्षं त्यानं काम केलंय, घालवली नाहीत, आणि चहा पुढे करायची.

दुसरा प्रकार सांत्वनाचा. "कला कुठं जात नाही हो वहिनी. छंद म्हणून राहीलच की." हे म्हणणारी माणसं मनानं चांगली असतात. पण हे वाक्य माझ्या मुलाला टोमण्यापेक्षा जास्त लागायचं, आणि का लागायचं ते मी त्याच्या चेहऱ्यावरून शिकले. गाणारा नोकरी धरून संध्याकाळी घरात गाऊ शकतो. चित्र काढणाऱ्याला वही पुरते. लिहिणाऱ्याला तेवढीही लागत नाही. प्रकाशयोजना घरात कशी करायची? तिला नाटक लागतं, नट लागतात, नेपथ्य लागतं, चाळीस दिवे टांगायला नाट्यगृह लागतं. आणि एकदा केलेलं मागे राहत नाही. प्रयोग संपला, मुख्य स्विच पाडला की त्या रात्रीचा प्रकाश संपला. पुढच्या प्रयोगाला तो नव्यानं करावा लागतो. चित्रीकरणातही तो धड येत नाही, कॅमेऱ्याला अंधाराच्या छटा दिसत नाहीत. त्यानं पंधरा वर्षांत जे केलं त्यातलं दाखवण्याजोगं आमच्या घरात काय आहे? माझी कात्रणं, आणि कुठल्या क्षणी कुठला दिवा हे लिहिलेल्या त्याच्या क्यू-शीटच्या वह्या. म्हणजे त्याच्यासाठी सोडणं हे पूर्ण सोडणंच होतं. त्याला छंदाची गोळी चघळायला देणं म्हणजे त्यानं घेतलेला निर्णय लहान करणं.

म्हणून आम्ही दोघांनी एक ठरवलं. त्याच्याशी बोलताना नव्या कामाचं नव्या कामासारखंच बोलायचं. त्यात जुन्याचा काही उपयोग होतो का, हे विचारायचं नाही. त्याला वाटलं तर तो सांगेल.

हे मला सुचलं त्याला एक कारण आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आमच्या ओळखीचं एक घर आहे. तिथले तंबोरे आणि सतारी देशभर जातात, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या घरातल्या मुलानं औषधांच्या कंपनीत नोकरी धरली. आमच्या मुलानं तर स्वतः निवडलेलं सोडलं होतं, त्यानं पिढ्यांचं सोडलं. त्याच्या वडिलांना मी विचारलं, तुम्ही कसं घेतलंत? ते म्हणाले, "आला की त्याला त्याच्या कंपनीचं विचारतो. तंबोऱ्याचं तो विचारतो तेव्हा सांगतो." एवढंच म्हणाले आणि भोपळ्याला हात लावून पाहू लागले. मला वाटतं, या विषयावर इतकं कामाचं दुसरं कुणी मला सांगितलं नाही.

तर आम्ही आयटीआयचं विचारू लागलो. आणि विचारायला पुष्कळ होतं. वर्गातली पोरं सोळा-सतरा वर्षांची. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं नवीन सर आले, सगळी उठून उभी राहिली. मग काका म्हणू लागली, दिवाळीपर्यंत दादावर आली. निदेशक त्याच्याहून चार वर्षांनी लहान. ते याला अहो म्हणायचे आणि हा त्यांना सर. बाकावर बसून पाठ दुखायची. ड्रॉइंगमध्ये हात चालायचा. गणित यांच्याकडून पुन्हा समजून घेतलं, रात्री जेवणानंतर, कागदावर व्होल्टेज ड्रॉप काढत.

पहिल्या वर्षी तारांचे जोड शिकवतात. रॅट टेल, ब्रिटानिया, वेस्टर्न युनियन, मॅरिड जॉइंट. त्यानं उरलेल्या तारांचे तुकडे घरी आणले आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसला. मॅरिड जॉइंट मी जवळून बघितला. सात पेडांच्या तारेची दोन टोकं. दोन्हींचं आवरण सोलायचं, पेड उलगडून पंजासारखे पसरायचे, मधली तार कापून टाकायची. मग दोन्ही पंजे एकमेकांत घालायचे, एकाची तार, दुसऱ्याची तार, अशा पाळीनं, आणि एका बाजूच्या तारा उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे घट्ट गुंडाळत न्यायच्या. गुंडाळीत फट दिसता कामा नये. त्याचा पहिला जोड पोटात फुगला. त्यानं तो कापून टाकला. दुसऱ्यात एक तार तुटली. तिसरा यांनी उचलला, पकडीत एक टोक धरलं आणि दुसरं पूर्ण ताकदीनं ओढलं. हलला नाही. दोघंही काही बोलले नाहीत, पण हे उठून चष्मा घेऊन आले आणि तो जोड दिव्याखाली धरून फिरवून फिरवून बघत राहिले. मुलगा तेव्हा जसा बसला होता, पुढे वाकून, काही बोलतील याची वाट बघत, तसा मी त्याला बारावीनंतर पाहिलाच नव्हता. "निदेशकांना दाखव," हे म्हणाले. "यात काढण्यासारखं काही नाही."

मोठं झालेलं मूल परत आईबापाच्या घरात राहायला येतं तेव्हा सगळ्यांनाच अवघड जातं. बायको आणि मुलगी पुण्यात, हा सांगलीत त्याच्या जुन्या खोलीत. शनिवारी रात्रीची गाडी धरायचा, सोमवारी पहाटे परत. खोलीतला त्याचा शाळेचा पलंग आम्ही काढून टाकला आणि मोठा घेतला. ते टेबल, ती पोस्टरं, सगळं हलवून खोली भाड्यानं द्यावी तशी मोकळी करून दिली. जेवायला आहेस का, एवढं सकाळी विचारायचं, बाकी येण्याजाण्याचं विचारायचं नाही. तो घरात असताना शेजारणींना त्याच्याबद्दल काही सांगायचं नाही. साध्या गोष्टी आहेत, पण त्या ठरवून कराव्या लागतात. नाहीतर आईच्या तोंडून तो पुन्हा दहावीतला होतो.

पैशांवरून मात्र आमच्यात मतभेद झाले. यांचं म्हणणं, आपली पेन्शन आहे, मुलाला दिलं तर काय बिघडलं. मुलगा म्हणाला, उसने द्या, लिहून ठेवा. यांना ते फार लागलं. घरात उसनं कसलं? मी मुलाच्या बाजूनं उभी राहिले. पस्तिशीतल्या, एका मुलीच्या बापाला, दर महिन्याला आईबापाकडून दान घेत दोन वर्षं काढायला लावणं योग्य नव्हतं. मी विमा कार्यालयात नोकरी केलेली बाई, वही घातली. फी, साहित्य, गाडीभाडं, सगळं तारखेवार. सांगलीतला खर्च वहीत, पुण्याचं घर सूनबाईच्या पगारात. तिनं त्या दोन वर्षांत काय काय पुढे ढकललं याची यादी तिनं कधी काढली नाही. मी तिला फोन करायची तो मुलाची चौकशी करायला नव्हे. तिचं ऑफिस, तिची पाठदुखी, नातीचं वेळापत्रक. अशा वेळी सगळं घर ज्यानं काम बदललं त्याच्याभोवती फिरायला लागतं आणि ज्याच्या पगारावर ते बदलणं शक्य झालं ते माणूस विसरलं जातं. नातीला ताप आला की मी सांगलीहून पुण्याला जायची. मुलगा वर्ग चुकवून जायचा नाही, आणि जायचं नाही हे सूनबाईनंच ठरवलेलं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मुलाच्या मोबाईलवर रात्रीच व्हिडिओ येऊ लागले. तो खाली आला आणि आम्हाला न उठवता हॉलमध्ये बसून राहिला. मला जाग आली ती त्याच्या मोबाईलच्या आवाजानं. त्या रंगमंचावर त्यानं किती वेळा दिवे लावले होते ते मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. कुठल्या बॅटनला कुठला सॉकेट ढिला होता, तिथल्या रंगमंचाचा आवाज पायाखाली कसा लागायचा, विंगेत कुठं बसलं की वारा यायचा. पहाटेपर्यंत बोलत होता. सकाळी हे त्याच्याबरोबर कोल्हापूरला गेले. छप्पर गेलेलं होतं. बाहेर माणसं उभी होती, नाटकवाली आणि नाटकाशी संबंध नसलेलीही. मुलगा रडला, असं यांनी मला नंतर सांगितलं. यांनीही त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आयटीआयला गेला.

शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बघा, अजून जीव तिथंच आहे, परत जाईल तो. मला ते पटलं नाही. एखाद्या गोष्टीवर जीव असणं आणि त्या गोष्टीवर पोट चालवायचं असणं, या दोन गोष्टी आपण सारख्या धरतो. माहेरावर जीव असतो म्हणून बाई सासर सोडत नाही. त्याला रडताना बघून मला एवढंच कळलं की त्यानं जे सोडलं ते फार मोठं होतं, आणि तरीही त्यानं ते सोडलं होतं. त्याचा निर्णय मला त्या दिवशी जास्त पक्का वाटला.

२०२५ मध्ये तो परीक्षा पास झाला. आता छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या एका फर्ममध्ये आहे, पुण्यात, घरी. तारतंत्री, म्हणजे वायरमनच्या, परवान्याचं कामही त्यानं मार्गी लावलं. केंद्र सरकारनं २०२४ च्या फेब्रुवारीत घरगुती छतांसाठी सूर्यघर योजना आणली, त्यात एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तेव्हापासून या कामाला माणसं कमी पडताहेत. फर्ममध्ये त्याच्याकडे आधी जागेची पाहणी दिली, मग उभारणी, आता काम संपल्यावरची तपासणीही तोच करतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मंचावरच्या प्रकाशापासून सूर्याच्या प्रकाशापर्यंत, असं काहीतरी छान वाक्य हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला सुचतं. एका ओळखीच्या पत्रकारानं तर त्याच्यावर लिहू का म्हणून विचारलं होतं, त्याच मथळ्यानं. मुलगा नको म्हणाला. मला त्यानं कारण सांगितलं ते मी इथं ठेवते. "आई, तिथं मी माणसाचा चेहरा कसा दिसावा ते ठरवायचो. इथं मी घराला आग लागू नये ते बघतो. दोन्हीत विजेच्या तारा आहेत, एवढंच सारखं." मग तो मला समजावून सांगू लागला की पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या डीसी तारांत व्होल्टेज असतंच, इन्व्हर्टर बंद केला तरी असतं. म्हणून कनेक्टर सैल राहिला तर तिथं ठिणगी पडते आणि ती एसीसारखी चटकन विझत नाही. सैल कनेक्टर हातानं दाबून कळत नाही, ओढून बघावा लागतो. प्रत्येक. चाळीस असले तर चाळीस. हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. त्याच्या हाताखालच्या एका पोरानं त्या दिवशी दोन तपासायचे सोडले होते.

हे काम त्याला आवडतं का, असं मला विचारतात. आवडतं. पण नाटक आवडायचं तसं आवडत नाही, आणि तसं आवडायला हवं अशी त्याची मागणीही नाही. तो संध्याकाळी सातला घरी असतो. मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो प्रेक्षकांत बसला होता. तिथले लाईट भयंकर होते म्हणाला, आणि तरी उठून आत गेला नाही. इथल्या एका हौशी संस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्याला बोलावलं होतं, तेव्हा त्यानं दोन नव्या मुलांची नावं दिली. आपल्या क्यू-शीटच्या वह्या त्यानं त्यांना बघायला दिल्या, परत मात्र मागून घेतल्या. नाटकं बघायला जातो, तिकीट काढून. कधी मध्यंतरात निघून येतो, का ते मी विचारत नाही.

वहीतले पैसे तो दर महिन्याला फेडतो आहे. यांना अजूनही ते घ्यायला जड जातं, म्हणून ते माझ्या खात्यावर येतात.

गेल्या महिन्यात आम्ही आमच्या गच्चीवर पॅनेल बसवायचं ठरवलं. मी त्याला फोन केला. तो एका रविवारी आला, दोन वेळा गच्चीवर गेला, सकाळी आणि तीनच्या सुमाराला, आणि खाली येऊन म्हणाला की दक्षिणेकडच्या अर्ध्या भागावर दुपारनंतर शेजारच्या टाकीची सावली पडते, तिथं पॅनेल लावून पैसे वाया घालवू नका. पूर्वेच्या कठड्याजवळ साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा मिळते, तीन किलोवॅट तिथं बसेल, रोज बारा युनिटच्या आसपास निघतील. हे म्हणाले, घरचंच काम आहे, बघून घे. त्यानं बॅगेतून फर्मचा छापील कागद काढला आणि कोटेशन लिहून यांच्यापुढे ठेवलं. घरच्यांना म्हणून सूट नाही. अनुदान तुमच्या खात्यात थेट येईल, त्याचा अर्ज तुम्हीच पोर्टलवर करायचा, मी करून देणार नाही, फक्त दाखवीन. अर्धी रक्कम आगाऊ.

हे कोटेशन दोनदा वाचत होते. मग त्यांनी विचारलं, "आर्थिंगला किती खड्डे?"

"तीन. एक डीसीला, एक एसीला, एक वीजअटकावाला."

"मोजून दाखवशील?"

"मीटर लावून दाखवीन, तुमच्यासमोर," तो म्हणाला, आणि मी चेकबुक आणायला उठले.